दगडाचा उलटा श्वास

गणपती गेले की लालबाग काही दिवस पोकळ वाजतं. मांडवांचे बांबू उतरतात, काथ्याचे तुकडे रस्त्यावर लोळत राहतात, खांबांचे खड्डे उघडे पडतात. परवापर्यंत जिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तिथे आपल्याच चपलेचा आवाज भिंतीवर आपटून मागून येतो. मी एकदा तरी वळून बघतोच. मग पितृपक्ष लागतो. पावसाने धुतलेल्या हवेत ऊन फार स्वच्छ पडतं, इतकं की सावल्या वस्तूंपेक्षा जड वाटतात. गच्च्यांच्या कठड्यांवर कावळे येऊन बसतात आणि त्यांना कसलीच घाई नसते.

या दिवसांत माझं घरात मन लागत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, ऊन किती आहे, कुठे निघालात?” मी सांगतो, पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करायला गिरगावातला माणूस चौपाटीवर जातो. मी बस पकडून लोअर परळला जातो. जिथे आमची प्रयोगशाळा होती तिथे आता काचेचा टॉवर आहे आणि तळमजल्यावर कॉफी मिळते. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहतो आणि कान देऊन ऐकतो. काय ऐकतो ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पंचाहत्तरी उलटली. आणखी थांबलो तर सांगायचं राहून जाईल.

ती प्रयोगशाळा एका बंद गिरणीच्या गोदामात होती. जिथे कापडाच्या गाठी रचत, तिथे आम्ही दगड रचले होते. शेल नावाचा एक खडक असतो. काळा, भिजून चिकटलेल्या पानांसारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा. फार जुन्या काळी एखाद्या समुद्राच्या तळाशी बारीक चिखल साचतो. त्या चिखलात शेवाळं, परागकण, पानं, पाण्यात मरून खाली आलेलं सगळं पडत राहतं. तळाशी हवा नसली की ते कुजून संपत नाही. वर आणखी चिखल येतो, त्यावर आणखी, आणि ते खाली खाली जातं. खाली उष्णता असते, तिथे ते शिजतं. त्या मेलेल्यांचं तेल होतं, वायू होतो. काही निसटून वर जातं, काही त्या दगडातच अडकून राहतं. अडकलेलं किती आहे, आणि काढू म्हटलं तर निघेल का, हे सांगणं आमचं काम.

आमची भाषा सगळी स्वयंपाकघरातली. नमुना हातात घेऊन कुणी विचारलं, “कसा आहे?” की उत्तर यायचं, “कच्चा आहे अजून,” किंवा “मस्त शिजलाय,” किंवा तोंड वाकडं करून, “करपला!” दगडाच्या पॉलिश केलेल्या तुकड्यात लाकडाचे कण असतात. जितके जास्त तापलेले तितके ते सूक्ष्मदर्शकाखाली जास्त चमकतात. जंगल कधीच गेलेलं, ते झाड कुणा माणसाने पाहिलेलं नाही, आणि त्याचा एक ठिपका डोळा उघडावा तसा तुमच्याकडे बघत असतो. दिवसभर तसे ठिपके बघितले की संध्याकाळी घरी देवापुढच्या निरांजनाकडे मला बघवत नसे.

ज्या वर्षाचं सांगतो आहे, त्या वर्षी कोअर आले ते नेमके पितृपक्षात. कोअर म्हणजे जमिनीच्या पोटातून उसाच्या कांड्यासारखा कापून काढलेला दगडाचा दांडा. ते घेऊन आला सुधीर परब. परब आमचा भूवैज्ञानिक, माझ्याहून बराच लहान, राहायला लालबागला. त्याचे वडील आमच्या गोदामापासून हाकेच्या अंतरावरच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ज्या विहिरीतून हे कोअर आले ती गुजरातेत होती, आणि तिथेच खोदा, तिथला शेल भरलेला आहे, हा हट्ट परबचा होता. बाकी सगळे दुसऱ्या जागेच्या बाजूने होते. एकटा परब नकाशावर बोट ठेवून बसला होता. मी प्रयोगशाळेचा प्रमुख. मी कुणाच्याच बाजूने नव्हतो, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

“साहेब, पक्षात पाहुणे आणलेत,” तो दारातूनच ओरडला. “पितर आहेत. जरा आदराने घ्या.”

“कुणाचे रे?”

“सगळ्यांचेच!”

आमची यंत्रं सांभाळणारा तावडे तेवढ्यात पुढे झाला होता. हे ऐकून त्याने पेटीला लावलेला हात मागे घेतला. परब पोट धरून हसला.

दगड वर आणला की त्यातला वायू सुटायला लागतो, सोड्याची बाटली उघडावी तसा. म्हणून विहिरीवरच त्याचे तुकडे पोलादी डब्यांत बंद करतात. आमच्याकडे आल्यावर ते डबे गरम पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. दगड जिथून आणला तिथे जेवढी उष्णता, तेवढीच या पाण्यात राखायची. म्हणजे दगडाला वाटावं, आपण अजून घरीच आहोत. प्रत्येक डब्यातून एक बारीक नळी निघते आणि पाण्याने भरलेल्या उलट्या काचनळीत जाते. दगडाने वायू सोडला की बुडबुडा वर चढतो आणि काचेतलं पाणी तेवढं खाली सरकतं. ते सरकणं वाचायचं. सुरुवातीला सारखं, मग तासातासाने, मग दिवसातून एकदा, असं बुडबुडे थांबेपर्यंत. काही दगड महिना महिना थांबत नाहीत.

त्या खोलीला आम्ही डब्यांची खोली म्हणत होतो. खिडकी नव्हती, उष्मा असायचा, आणि ओळीने ठेवलेल्या डब्यांतून आवाज यायचा. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग कोपऱ्यातून, बुडुक. तावडे तिथे एकटा जायचा नाही.

“साहेब, आपण बोलतो तोवर ते बोलतात,” तो मला म्हणाला. “आपण गप्प झालो की गप्प.”

“अरे, काहीतरीच काय!”

“मग बसून बघा ना एकदा गप्प.”

मी बसलो. दुपारची वेळ होती, बाहेर गोदामाच्या पत्र्यावर कावळ्यांच्या नखांचा आवाज येत होता. खोलीत सगळे डबे थांबले होते. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण बराच वेळ गेला. शेवटी घसा कोरडा पडला म्हणून मी खाकरलो. लगेच अगदी टोकाच्या डब्यातून उत्तर आल्यासारखं, बुडुक. मी बाहेर आलो आणि तावडेला सांगितलं, काही नसतं रे, योगायोग.

परबला मात्र ती खोली आवडायची. तो स्टूल घेऊन आत बसायचा आणि डब्यांशी बोलायचा. “चल रे, दे. घाबरतोस काय? मुंबई आहे, इथे सगळ्यांनाच सोडावं लागतं.” त्याच दगडाची चिमूटभर पूड आम्ही भट्टीत तापवली होती. भट्टीत आधी दगडातलं मोकळं तेल उडून येतं आणि यंत्र त्याची रेघ काढतं. परबच्या दगडाची ती पहिली रेघ इतकी उंच गेली की आम्हाला कागद बदलावा लागला. अशी रेघ दोन कारणांनी येते. एक तर दगड खरोखरच भरलेला असतो. नाहीतर नमुन्याला बाहेरून डिझेल लागलेलं असतं, कारण विहिरीवर सगळीकडे डिझेलच असतं. खरं काय ते डबे सांगणार होते. डिझेलातून वायूचे बुडबुडे निघत नाहीत.

आणि डबे देत होते. रोज, हळूहळू, न थांबता.

यंदाच्या पितृपक्षात प्रभादेवीच्या एका गल्लीतून जात होतो. तिथे जुनी चाळ पाडून इमारत उठणार आहे. पाया किती खोल घ्यायचा ते ठरवायला तीन पायांच्या घोडीवर बोअरिंगचं यंत्र धडधडत होतं. त्याच्याजवळ, पिवळं हेल्मेट घातलेला, केस पूर्ण पिकलेला माणूस खालून निघालेले दगड पेटीत लावत होता. दोन्ही हातांत रबरी हातमोजे. मी परबला ओळखलं आणि चालत पुढे जाणार, तेवढ्यात त्यानेच हाक मारली.

“जोगळेकर साहेब! अहो, बिल्डरांची माणसं पण असं तोंड चुकवत नाहीत!”

चहा सांगितला. तो पाठ वाकवून, पूर्वीसारखाच बोलत होता. “आता मी जास्त खाली जात नाही साहेब. बिल्डरला कडक दगड लागला की विषय खल्लास. आपण वर, पितर खाली. नो टेन्शन.” मग पेटीतून त्याने एक काळा तुकडा उचलला. “हे बघा कोण भेटलं.”

पापुद्र्याचा काळा शेल होता. वरळीच्या बाजूला लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा शेल आहे आणि त्यात बारीक बेडकांची हाडं सापडतात, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. म्हणजे आपण ज्या रस्त्यांवरून रोज जातो त्यांच्या खाली एक मेलेलं तळं आहे. परबने हातोडीने तो तुकडा फोडला आणि ताजी बाजू माझ्या नाकापुढे धरली.

“कसला वास येतो, सांगा.”

“ओल्या मातीचा. किंचित गंधकाचा.”

“डिझेलचा नाही?”

“नाही रे.”

त्याने मान हलवली. “तुम्हाला येत नसेल. मला सगळ्यालाच येतो. भाताला येतो. नातवाच्या डोक्याला येतो. हाताला तर चोवीस तास. डॉक्टर म्हणतो नाक ठीक आहे. मग दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, तो म्हणतो डोकं पण ठीक आहे.” तो हसला. “आमची मिसेस म्हणते, मग बिघडलंय काय ते तरी सांगा. मी तिला म्हटलं, अगं, केली ना चूक एकदा. पाहुण्यांना उघड्या हातांनी शिवलो.”

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की परब मला मनातून शिव्या देत असेल. त्या शिव्यांची मला सवय झाली होती, त्यांच्या आधाराने मी जगत होतो म्हणा ना. तो स्वतःलाच दोषी समजत असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी पितृपक्ष संपला, घट बसले, आणि नवरात्रभर डबे देत राहिले. मग खंडेनवमी आली. ज्यांनी गिरणगाव पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. साचा असो, लेथ असो, न्हाव्याचा वस्तरा असो, त्याला धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. वर्षभर ते राबतं, तो दिवस त्याचा. आमच्याकडे गिरणी गेली आणि प्रयोगशाळा आली, पण गिरणीच्या वेळेपासूनचा तावडे तोच होता. त्याने दादरहून झेंडू आणले. सूक्ष्मदर्शकाला हार, भट्टीला हार, दगड कापायच्या करवतीला हार. मुख्य स्विचच्या पेटीवर कुंकवाचं बोट. दर वर्षी पूजेच्या आधी ती पेटी बंद करायचा मान माझा होता.

“साहेब, टाकी सोडून बाकीचं बंद करा,” परब म्हणाला. “दगड अजून देतोय.”

तावडेने माझ्याकडे बघितलं. “एकाला सुट्टी आणि एकाला नाही? असं चालत नाही साहेब. पूजा म्हणजे पूजा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. टाकीसाठी वेगळी वायर ओढता आली असती. अर्ध्या तासाचं काम. पण पेढे आले होते, प्रयोगशाळेतल्या मुली साड्या नेसून आल्या होत्या, आणि मला सगळ्यांना हसवायची लहर आली.

“परब, या दगडाने कोट्यवधी वर्षं काढली. एक दिवस नाही काढणार?”

सगळे हसले. परबही हसला, पण म्हणाला, “निदान नळ्यांचे व्हॉल्व्ह तरी लावून घ्या.” मी “हो हो” म्हटलं आणि पेटीचा खटका ओढला. तावडेने घंटा वाजवली. आरतीच्या गडबडीत व्हॉल्व्ह राहून गेले. परब प्रसाद घेऊन दुपारच्या गाडीने विहिरीवर निघून गेला.

माणसं गेली. मी माझ्या खोलीत काही कागद बघत बसलो होतो. गोदाम इतकं शांत झालं होतं की झेंडूच्या पाकळ्या गळून फरशीवर पडल्या तरी ऐकू यावं. मग मला तो आवाज आला. तो बुडबुड्याचा नव्हता. कुणीतरी चहाच्या बशीतून शेवटचा घोट ओढावा तसा.

मी डब्यांच्या खोलीचं दार उघडलं. दाराने आलेल्या उजेडात काचनळ्या ओळीने चमकत होत्या. त्यांच्यातलं पाणी नेहमी खाली सरकायचं. त्या दुपारी ते वर चढत होतं.

कारण मला माहीत होतं. टाकी निवत होती, डबे गार होत होते, आतला वायू आकसत होता आणि सोडलेलं परत ओढून घेत होता. शाळेतल्या मुलालाही कळेल. पण मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर दगड श्वास आत घेत होते. सगळे एकदम, सावकाश. एका काचेतलं पाणी टोकाला पोचलं, बारीक नळीत शिरलं, आणि ‘घळ्’ असा आवाज करत डब्यात उतरलं. मग शेजारच्यात. मी म्हटलं, “थांब.” मोठ्याने म्हटलं. कुणाला म्हटलं ते माहीत नाही. खोलीत काहीच थांबलं नाही.

धावत स्विचच्या पेटीकडे गेलो. त्यावर ओलं कुंकू होतं, झेंडू होता, पुढे विझलेली उदबत्ती होती. मी आयुष्यभर सांगत आलो की मी असलं काही मानत नाही. पण माझा हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. आज याला हात लावायचा नाही, असं कुणीतरी मागून म्हटल्यासारखं झालं. व्हॉल्व्ह तरी लावायचे, तर त्यासाठी त्या खोलीत परत जावं लागलं असतं. मी गेलो नाही. चपला घातल्या, कुलूप लावलं आणि हिंदमातापर्यंत चालत आलो. तिथल्या दुकानांत दसऱ्याच्या साड्यांच्या खरेदीची गर्दी होती. त्या गर्दीत उभं राहून मला बरं वाटलं.

दसऱ्यानंतर टाकी चालू केली. डब्यांत पाणी भरलं होतं. थोडे बुडबुडे आले आणि थांबले. चाचणी वाया गेली होती. एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पण कारण काय लिहायचं? विहिरीत पैसा घालणाऱ्या कंपनीचे परदेशी पाहुणे निकाल ऐकायला येणार होते. त्यांच्यासमोर सांगायचं, की आम्ही दगडांना नैवेद्य दाखवला आणि टाकी बंद केली? मला लाज वाटली. चुकीची वाटली नाही, हसं होईल याची वाटली. म्हणून मी आलेखातली रेघ नवमीपर्यंत खरी ठेवली आणि पुढे हलक्या हाताने आडवी नेली. दगडाने आपणहून देणं थांबवलं, असं दिसावं तशी.

काचेच्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, भट्टीतली रेघ एवढी उंच, आणि डब्यांत वायू नाही, हे कसं? कुणीतरी म्हणालं, डिझेल लागलं असेल. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “असू शकतं.”

परब माझ्या समोर बसला होता. नमुने त्याने स्वतः हाताळले होते. त्याने आपले दोन्ही हात टेबलावर आणले, उलटे केले आणि बघत बसला. मी ते हात अजून बघतो. बैठक संपेपर्यंत ते तसेच होते.

विहीर सिमेंट भरून बुजवली गेली. परबला लोक ‘डिझेल परब’ म्हणू लागले. आधी हसून, मग त्याच्या मागे, मग दुसऱ्या कंपन्यांमध्येही. तो नोकरी सोडून गेला. आणि आता सगळ्यात वाईट ते. बैठकीनंतर थोड्याच दिवसांत उरलेल्या कोअरचा मी बरोबर मधला गाभा काढला. तो शेल इतका घट्ट होता की बाहेरचं डिझेल त्याच्या मध्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तो गाभा मी फोडला, हुंगला, त्याची पूड केली आणि एकट्याने भट्टीत घातली. पहिली रेघ तेवढीच उंच गेली. डिझेलचा प्रश्नच नव्हता. तेल दगडाचंच होतं. मी यंत्र बंद केलं, पूड नळाखाली धुवून टाकली आणि कुणालाही काही बोललो नाही.

त्या शेलमध्ये काढण्याजोगा वायू किती होता हे आज मला सांगता येणार नाही. ते कळायची संधी मीच घालवली. त्यामुळे परबचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तेही खोटंच होईल.

यंदा खंडेनवमीला सकाळी मी लालबागला त्याच्या घरी गेलो. बोअरिंगच्या यंत्राची पूजा असणार, तो घरी भेटेल हे ठाऊक होतं. चाळीत दारोदारी सायकली, स्कूटर, शिलाई मशिनं धुवून हार घालून ठेवली होती. एवढ्या सजवलेल्या यंत्रांमधून, एकही चालू नसताना, गॅलरीतून चालत गेलो. परब खुर्चीवर बसला होता. त्याची बायको सुनंदा आतून पाणी घेऊन आली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. टाकी, व्हॉल्व्ह, पाणी, आडवी रेघ, मग गाभा. परब ऐकत होता. मध्येच त्याने फक्त एकदा विचारलं, “गाभा मधलाच होता ना? कडेचा नाही?”

“मधलाच.”

सुनंदा दाराला टेकून उभी होती. “त्या पूजेचे पेढे ह्यांनी घरी आणले होते,” ती म्हणाली. “मी खाल्ले. आणखी एक मागून खाल्ला.” मग तिचा आवाज बदलला. “माका कदीच इलो नाय तो वास साहेब. ह्यांका सांगून सांगून थकलंय. साबण म्हणा नको, लिंबू म्हणा नको. हातांची सालटी काढल्यानी ह्या माणसान.”

मी म्हणालो, “परब, मी माफी मागायला...”

“ते राहू द्या साहेब.” त्याने हात वर केला. त्वचा बोटांवर पातळ, लालसर झाली होती. “माफीचं मी काय करू? मला सांगून काय उपयोग? मी आणि सुनंदा, दोघंच आहोत इथे. ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा. चार लोक वाचतील असं लिहा. माझं नाव घालून लिहा, तुमचं पण.”

“लिहितो.”

“दिवाळीच्या आत?”

“दिवाळीच्या आत.”

खाली कुणीतरी नारळ फोडला, त्याचा आवाज जिन्यातून वर आला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि उजवा हात माझ्या तोंडासमोर धरला.

“आता हे सांगा. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. आणि या वेळी खरं सांगा.”

मी वाकलो. तो दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता, असं सुनंदा पाणी देतानाच म्हणाली होती. सकाळी अंघोळ झाली होती, कपाळाला गंध होतं. मला साबणाचा वास अपेक्षित होता. नाही म्हणायला ओठ तयार होते, आणि नाही म्हणणं किती सोपं आणि किती दयाळूपणाचं होतं! पण वास आला. पातळ, तेलकट, थंड. यंत्राच्या टाकीचं झाकण उघडल्यासारखा. मी पुन्हा हुंगलं. आला.

“येतो,” मी म्हणालो.

सुनंदाचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

“डिझेल?” परबने विचारलं.

“डिझेल.”

“आणि दगडाला?”

“दगडाला नव्हता. दगडात जे होतं ते त्याचं स्वतःचं होतं.”

परबने डोळे मिटले. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. “बघ,” तो बायकोला म्हणाला, “मला वेड नाही लागलेलं.” तो एवढा समाधानाने हसला की मला त्याच्याकडे बघवेना.

सुनंदा पुढे आली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात काहीतरी आणून सोडलं आहे. मग तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. गरम भांडं खाली ठेवावं तसा तिने तो हात अलगद त्याच्या मांडीवर ठेवला, आणि आपली बोटं पदराला पुसली.